देवडी

'देवडी' हा शब्द आपल्या हैदराबादेत कोणास ठाऊक नाही? दिवाण देवडी हा सालारजंग घराण्याचा वाडा. १९५१ साली सालारजंग संग्रहालय प्रथम तेथेच उघडले आणि १९६८ साली ते आजच्या इमारतीत गेले. मालवाला देवडी २००० साली पाडण्यात आली. राय रायान या महाराष्ट्रीय दफ्तरदार घराण्याचीही देवडी जुन्या शहरात प्रसिद्ध आहे. म्हणजे येथे देवडी म्हटले की दालने, चौक, कारंजी यांसह सबंध वाडा डोळ्यांपुढे येतो.

महाराष्ट्रात मात्र हाच शब्द फार लहान जागेस लावतात. किल्ल्याच्या दरवाजातून आत पाऊल टाकताच दोन्ही अंगांस पहारेकऱ्यांना बसण्यासाठी जे कोनाडे केलेले असतात, त्या देवड्या. हिंदीतील ड्योढी म्हणजे उंबरठा किंवा दाराजवळची ओसरी. तिचे मूळ कोशकार संस्कृत 'देहली' या शब्दात दाखवतात. उंबरठ्यावरचा दिवा घरात व अंगणात सारखाच उजेड पाडतो, यास शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात, ती ही देहली.

उंबरठ्याचा वाडा कसा झाला असावा? आम्हांस वाटते, हा अर्थ बाहेर तिष्ठणाऱ्यांनी दिला असावा. अर्जदारास दालने दिसतच नसत. त्याने पाहिलेला वाडा म्हणजे दार आणि दारावरचा माणूस, एवढाच.

देवाच्या वाड्याची गोष्ट निराळी आहे काय? पंढरपुरास महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्यांना दाराच्या आत येऊ दिले नाही, ते आजही दाराबाहेरच आहेत. आणि तेथेच, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांची पायरी आहे. विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. आता कायद्यानेही कोणास अडविता येत नाही. तरीही दारावर उभ्या असलेल्या माणसाचा अधिकार किती, हा प्रश्न सुटला आहे असे आम्हांस म्हणवत नाही. त्यास कारण आमचेच एक वर्तन आहे.

गेल्या आषाढी एकादशीस दुपारी नैवेद्याच्या वेळी दार लावून घेण्याचे काम आमच्याकडे होते. पुजाऱ्याचे चिरंजीव म्हणून ते आम्हांकडे आपसूकच येते, आणि खरे सांगावयाचे तर त्यात थोडा मानही वाटतो. दार लावतो न लावतो तोच एक वृद्ध बाई आल्या. हातात पिशवी, पाय धुळीने भरलेले. "आता दर्शन बंद आहे, आजी, तासाभराने या," असे आम्ही सांगितले. नियमास धरूनच सांगितले. त्या काही न बोलता बाजूच्या कट्ट्यावर बसल्या.

पाचच मिनिटांत एक परिचित गृहस्थ सहकुटुंब आले. त्यांच्यासाठी आम्ही दिंडी उघडली. मोठ्या दाराच्या फळीत जो लहानसा दरवाजा असतो, त्यास दिंडी म्हणतात. त्यातून आत जावयाचे तर राजासही वाकावे लागते. वारकऱ्यांच्या मेळ्यासही आपण दिंडीच म्हणतो, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही.

बाईंनी ते पाहिले. तक्रार केली नाही. पिशवीतून टाळ काढून त्या हलक्या आवाजात भजन म्हणू लागल्या. आत नैवेद्य चालू असता वडिलांनी विचारले, "बाहेर कोण म्हणते आहे? त्यांना आत का घेतले नाही?" वेळ झाली होती, असे उत्तर आम्ही दिले. दिंडी उघडल्याचे सांगितले नाही.

तासाभराने मोठे दार उघडले. बाई आत आल्या, दर्शन घेतले, आणि परत जाताना उंबरठ्यास हात लावून तो हात कपाळी नेला. आम्ही तेथेच उभे होतो. "बाळा, ऊन फार आहे, सावलीत उभा राहा," असे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.