बोगद्याचा पत्रा

इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली बाहेर पडलेल्या एमजीबी या मोटारीला स्वतंत्र चासी नव्हती. दाबून आकारलेले पत्रे एकमेकांस वेल्डिंगने सांधून सिद्ध केलेली तिची कायाच सर्व भार वाहते, आणि दोन आसनांच्या मधून गिअरबॉक्स व शाफ्ट यांवर उभा असलेला पत्र्याचा बोगदा हा, विशेषतः उघड्या छपराच्या गाडीत, त्या कायेचा कणाच असतो. अशा गाडीत निराळा गिअरबॉक्स बसवण्यासाठी तो कापावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ कारागिरीचा राहत नाही.

प्रारंभीच्या गिअरबॉक्सात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. १९६७ च्या अखेरीस सर्व गिअरांना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स आला, बोर्ग-वॉर्नरचा स्वयंचलित गिअरबॉक्स मागणीप्रमाणे देण्याची तजवीज झाली, आणि त्यांच्यासाठी कारखान्याने बोगदा रुंद केला. जे निर्मात्याने केले ते मालकाने का करू नये, असा युक्तिवाद यावरून होतो. तो मला मान्य नाही, कारण कारखान्याने नव्या आकाराचे पत्रे घडवून नवी काया उभारली, उभी असलेली काया चिरली नाही.

चिरायचीच झाली, तर आधी दारांच्या चौकटींत आडव्या दांड्या जोडून ती ताठ धरावी लागते, नाहीतर दाराच्या कडेची फट वरून मिटते नि खालून उघडते; नवा पत्रा मूळच्याच जाडीचा घेऊन एक टाका इथे, दुसरा दूर तिकडे, मध्ये निववण्यास अवसर देत घालावा लागतो, कारण सलग तापलेला पत्रा हमखास वाकतो; आणि गिअरबॉक्सचा आस व मागच्या डिफरन्शियलचा आस समांतर न राहिले, तर शाफ्टचा थरकाप साऱ्या गाडीत उतरतो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेत, फेरबदल परत फिरवता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत, अशी शिफारस आहे. गिअरबॉक्स जपता येतो. कापलेला बोगदा जपूनही पूर्ववत होत नाही. यास्तव ज्या गाडीचा तळ गंजून मुळातच बदलावा लागणार आहे, तिथे रुंद बोगदा बसवण्यास, कामाची छायाचित्रे व मापे दस्तऐवजांत ठेवण्याच्या अटीवर, माझी मनःपूर्वक संमती आहे. परंतु ज्या गाडीचा तळ अद्याप कारखान्याच्या वेल्डिंगसह शाबूत आहे, तिच्या मालकाने मूळ बोगद्यातच मावणारा फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स पत्करावा, किंवा १९६७ नंतरची गाडी शोधावी.