हरवलेली अंगठी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात हरवलेल्या वस्तूंची जत्रा भरते. कपाट सरकवावे तो मागे बुगडी, पलंग हलवावा तो खाली करंजीची कातण! वस्तू सापडली की सारेजण हसतात. ती हरवली त्या दिवशी आपण कोणाकोणाकडे संशयाने पाहिले होते, ही आठवण मात्र कोणी काढीत नाही.

अशीच एक अंगठी अमेरिकेत एका जुन्या सोफ्यात सापडली. तिची हकीकत वाचल्यापासून ती माझ्या मनाला सारखी टोचते आहे.

अंगठी वॉल्टर पेटन याची. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथे लांबट चेंडू काखेत धरून आडदांड गड्यांच्या भिंतीतून वाट काढीत धावायचे असते. शिकागो बेअर्स या संघाकडून पेटन 1975 ते 1987 अशी तेरा वर्षे धावला. एवढ्या काळात दुखण्याखुपण्याने तो अवघ्या एका सामन्याला मुकला. त्याने धावून कापलेले अंतर 16,726 यार्ड भरले. हा विक्रम 2002 पर्यंत टिकला. 26 जानेवारी 1986 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याच्या संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा 46-10 असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले. दैव असे, की त्या 46 गुणांतला एकही पेटनच्या नावावर लागला नाही. त्या दिवसाची खूण म्हणून हाती आली ती विजेत्यांची अंगठी.

आणि ही अंगठी त्याने एका शाळकरी मुलाच्या हाती दिली! 1996 च्या सुमारास शिकागोजवळच्या एका शाळेत तो बास्केटबॉलच्या मुलांना हौसेने शिकवीत असे. विश्वास म्हणजे काय, हे व्याख्यानाने सांगण्याऐवजी त्याने अंगठी काढून एका खेळाडूपाशी सांभाळायला दिली. मुलगा ती घरी घेऊन गेला, आणि अंगठी नाहीशी झाली.

1 नोव्हेंबर 1999 रोजी पेटन वारला. तोवर अंगठी मिळाली नव्हती. पुढे त्या मुलाच्या घरातला सोफा पर्ड्यू विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याकडे गेला. 2001 साली त्याला त्यात ती अंगठी सापडली, आणि ती पेटनच्या पत्नीकडे परत गेली. शाकुंतलातली अंगठी माशाच्या पोटातून वेळेवर परत येते. दुष्यंताला शकुंतला पुन्हा भेटते. इथे अंगठी आली, तेव्हा ती देणाराच उरला नव्हता.

मग पेटनचे चुकले काय? व्यवहारी माणूस म्हणेल, अशा वस्तू कुलपातच शोभतात. मला त्या अंगठीची एवढी काळजी वाटत नाही. मला त्या पोराची वाटते. घरी आलेल्या प्रत्येक मित्राविषयी त्याच्या मनात काय काय आले असेल? विश्वास टाकणारा वस्तू पणाला लावतो. ज्याच्यावर टाकला, त्याचे मन पणाला लागते. हा खेळ बरोबरीचा नव्हे.

हे मी मास्तर म्हणून जाणतो. एकदा सहलीचे पैसे मी वर्गातल्या एका मुलाकडे सांभाळायला दिले. हिशेबात अकरा रुपये कमी भरले. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही, आणि या औदार्याचा मला फार अभिमान वाटला. पण पुढच्या सहलीला पिशवी मी स्वतःच्याच खिशात ठेवली. तो मुलगा माझ्या खिशाकडे पाहत उभा होता. ती नजर मला अजून विसरता येत नाही. अकरा रुपये त्याने हरवले असतील. विश्वास मात्र मी हरवला होता.

विश्वासाची खरी परीक्षा वस्तू देताना होत नाही, ती हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी होते. ‘हरवलीस तरी तू माझाच’ एवढे आधी मनाशी ठरलेले नसेल, तर पोराच्या तळहातावर अंगठी ठेवूच नये. ठरलेले असेल, तर मात्र ठेवावी. आणि अशी पेरणी कुठे उगवेल याचा नेम नसतो. सोफ्यात हात घालणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडे कोणी काही सांभाळायला दिले नव्हते. त्याने अंगठी खिशात घातली असती, तर कोणाला कळणार होते? पेटनचा धडा त्याच्यापुढे कधीही न बसलेल्या पोराने म्हणून दाखवला!

परवा साफसफाईत आजोबांच्या वेळची काचेची हंडी निघाली. ती पुसायला मी धाकटीच्या हाती दिली. तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, फुटली तर?”

“फुटली तर फुटली,” मी म्हणालो, “पण पुढच्या दिवाळीला जे काही पुसायचे असेल, ते हीच पुसणार.”