भागाकार न करता

मनात 2 धरा. दुप्पट करत चला: 4, 8, 16, 32. घाई नको. बत्तिसाव्या घाताशी पोचलात की 4,29,49,67,296 होतात. त्यात एक मिळवा. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. पेन्सिल बाजूला राहू द्या.

हिच्या आधीची भावंडं बघा, 2 चा घातांक दर वेळी दुप्पट करत आणि शेवटी एक मिळवत झालेली: 3, 5, 17, 257, 65,537. पाचही मूळ संख्या. तेवढ्यावर सतराव्या शतकात फर्मा समजून चालला, की ही रांग पुढेही मूळ संख्यांचीच असणार. त्याला हसू नये. पाचदा जमलं की सहाव्यांदा आपणही तपासत नाही.

आता त्या पाचांचा गुणाकार. तो येतो 4,29,49,67,295. आपल्या संख्येहून बरोबर 2 कमी! इथे जरा थांबा. म्हणजे पाचांपैकी कोणीही हिला भागू गेलं, तर बाकी 2 उरणारच. हिला भागणारी कोणी असलीच, तर ती घराबाहेरची.

ती 1732 मध्ये ऑयलरने दाखवली: 641. पुढे त्याने हेही सिद्ध केलं, की हिला भागणारी मूळ संख्या 64 च्या कुठल्यातरी पटीत एक मिळवूनच बनलेली असते. अशा मूळ संख्या क्रमाने घ्या: 193, 257, 449, 577, 641. पाचवीवरच काम झालं.

पण भागाकार करून खात्री पटवण्यात मजा नाही. नुसतं 641 कडे बघा. एकीकडून ती 640 अधिक 1 आहे, आणि 640 म्हणजे 5 गुणिले 128. म्हणजे 5 गुणिले 2 चा सातवा घात; 641 ने भागल्यास याची बाकी उणे 1. त्याचा चौथा घात घ्या. उणे एकाचा अधिक एक होतो. हाती राहतं 5 चा चौथा घात गुणिले 2 चा अठ्ठाविसावा घात, बाकी 1.

श्वास घ्या. आता 641 दुसरीकडून बघा: 625 अधिक 16. पाचाचा चौथा घात 625 च, म्हणून त्याच्या जागी उणे 16 ठेवता येतात. 16 म्हणजे 2 चा चौथा घात. चार आणि अठ्ठावीस, बत्तीस. तेव्हा 2 च्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे 1. सुरुवातीला मिळवलेला एक त्यात टाका. बाकी शून्य.

दुसरा अवयव 67,00,417. तोही मूळच.

मूळ नसण्याची किंमत भूमितीत मोजावी लागते. 1796 मध्ये गाउसने 17 बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येते हे दाखवलं. त्याच न्यायाने त्या पाचांच्या गुणाकाराइतक्या, म्हणजे 4,29,49,67,295 बाजूंचीही काढता येते (वर्तुळाहून वेगळी ओळखू येणार नाही, ते सोडा). दोनच बाजू वाढवा, की पट्टी-कंपासने ती काढणं अशक्य.