काठी कोणीं निवडावी व मोल कोणीं द्यावें?

वृद्ध आईबापांस काठी, चष्मा किंवा श्रवणयंत्र घ्यावयाचें झाल्यास तें कोणीं निवडावें व त्याचें मोल कोणीं द्यावें, हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु पांचव्या आज्ञेची खरी कसोटी तेथेंच लागते.

सरकारनें या कामीं हात पुढें केला आहे. १ एप्रिल २०१७ रोजीं केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. तींत गरीब वृद्धांस शिबिरें भरवून साधनेंच फुकट देण्याची रीत ठेविली. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें काढिलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची रीत निराळी. वय ६५ झालेल्या व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आंत असलेल्या वृद्धांच्या बँक खात्यांत एकदांच ३,००० रुपये जमा व्हावे आणि साधन त्यांनीं स्वतः विकत घ्यावें, असें ठरलें. म्हणजे पैशाबरोबर निवडही वृद्धांच्या हातीं दिली.

परंतु ती त्यांच्या हातीं राहते काय? नामपुरासारख्या मोसमकांठच्या गांवीं कांद्याच्या लागवडींत घरांत तीन हजार आले, तर ते खताकडे वळावयास वेळ लागत नाहीं. कोणी मुलगा प्रेमानेंच चाकांची खुर्ची आणितो. ती ढेकळांतून व उंबऱ्यावरून चालत नाहीं. आईस हवी होती न्हाणीपर्यंत नेणारी चार पायांची काठी. काठीसही माप असतें: सरळ उभें राहून हात खालीं सोडला असतां तिची मूठ मनगटाशीं यावी. श्रवणयंत्र तर कान तपासल्यावांचून घेणें व्यर्थ होय.

यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तिमयास काय हवें, हें कोणासही दिसत होतें. तरी प्रभूनें त्याला आधीं विचारिलें. मग आम्ही न विचारतां कसें ठरवितों? कोणी म्हणेल, वृद्धांस बाजारांतलें काय कळतें? किंमत मुलांस अधिक कळत असेल. परंतु रात्रीं पाय कोठें अडखळतो हें ज्याचें त्यालाच ठाऊक. म्हणून माहिती मुलांनीं द्यावी, निवड वृद्धांनीं करावी. त्यांच्या 'नको' म्हणण्यांत पुष्कळदां खर्चाची भीति असते. ती दूर करून पुन्हां विचारावें.

तीन हजारांत चष्मा येईल. चांगलें श्रवणयंत्र बहुधा येणार नाहीं. उरलेलें मोल प्रथम मुलांचें, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें. ज्यांस कोणी नाहीं, त्यांचें मंडळीचें. आईबापांचा वांटा 'कुर्बान' म्हणून देवाच्या नांवें ठेवणारांस प्रभूनें दोष दिला, हें मार्काच्या सातव्या अध्यायांत आहे. तेव्हां आईच्या श्रवणयंत्राचे पैसे दानपेटींत टाकणें ही भक्ति नव्हे, आणि मंडळीच्या पंचांनींही असें दान मागूं नये.

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, घरभेटीस जाल तेव्हां पासबुक मागण्यापूर्वीं वृद्धांजवळ बसून त्यांचें काय अडतें हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. नंतर समाजकल्याण खात्याच्या नाशिक येथील कार्यालयांत अर्जाची चौकशी करावी, व खरेदीची पावती जपून ठेवावयास सांगावें; ती पुढें दाखवावी लागते.