हाताला लागेल असं पाणी

दीड-दोन वर्षांचं मूल तहान लागली म्हणून खेळ थांबवत नाही. ते किरकिरं होतं, मांडीवर येऊन लोळतं, आणि आपण त्याला भूक लागली असेल म्हणून हातात बिस्कीट देतो. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार आपल्याहून जास्त असतो, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणीही लवकर कमी होतं. मे महिन्यात अकोल्याला, परभणीला पारा ४४ अंशांवर चढतो, तेव्हा मुलाने मागण्याची वाट पाहत बसणं बरं नव्हे.

‘आमचं बाळ पाणीच पीत नाही,’ असं अनेक आया सांगतात. अशा वेळी एकदा खाली बसून मुलाच्या उंचीवरून घर पाहावं. फिल्टर ओट्याच्या वर भिंतीला, माठ तिवईवर, पेले मांडणीत. पावणेतीन फुटांच्या जिवाचा हात यातल्या कशालाही पोचत नाही. मोठ्यांना आठवेल तेव्हाच त्याला पाणी मिळतं. म्हणून एखाद्या पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर स्टीलचं छोटं फुलपात्र ठेवावं, त्यात दोन-तीन घोटच पाणी असावं आणि ते दिवसभर पुन्हा पुन्हा भरावं. उघडी बादली मात्र त्याच्या वाटेत कधीच नको. एवढंसं मूल तिच्यात डोकावताना तोल जाऊन बुडू शकतं. उठल्यावर, जेवताना, बाहेरून आल्यावर आपणही त्याच्याशेजारी बसून पाणी प्यावं. आपला पेला ओठांना लागला की त्याचाही हात फुलपात्राकडे जातो.

पाणी सांडेल, रोज सांडेल. फुलपात्र किती तिरपं करायचं, ओठ कुठे टेकवायचे, घोट कधी थांबवायचा, हे सांडल्याशिवाय येत नाही. फडकं जवळ ठेवावं आणि रागावू नये. किती प्यायचं ते मुलाला ठरवू द्यावं, ही यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. जुन्या बोंडल्यात ते शक्य नव्हतं. चोच मुलाच्या तोंडात आणि ओतणारा हात मोठ्या माणसाचा. रडत्या मुलाला पाजताना ठसका लागायचा, आणि ती चोच आतून नीट घासताही येत नसे. आताच्या झडपेच्या सिपरमधून पाणी सांडत नाही, पण ती सोय आपली. मुलाला त्यातून चोखावंच लागतं, म्हणजे बाटलीचीच सवय पुढे चालू राहते. एस.टी.च्या प्रवासात सिपर किंवा स्ट्रॉचा कप जरूर न्यावा. मात्र त्याची झडप आणि नळी रोज सुटी करून ब्रशने घासावी, दुधाचा थर तिथेच धरतो. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात. अशा बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

वर्ष उलटल्यावर प्यायला काय द्यायचं? स्वच्छ साधं पाणी, आईचं दूध चालू असेल तर ते, आणि वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. वरचं दूध त्याहून जास्त झालं की पोट भरतं, जेवण मागे पडतं. दुधात लोह अगदी कमी, त्यामुळे रक्त कमी होण्याची भीती. दुपारी पातळ, गोडसर ताक द्यावं. भाताची पेज, वरणाचं पाणी, बिया काढलेलं कलिंगड, यांतूनही बरंच पाणी पोटात जातं.

चहा मात्र नको. लाडाने बशीत ओतलेल्या घोटभर चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हे आजी-आजोबांना सांगणं जड जातं, तरी सांगावं. नातवाला खरं तर त्यांच्यासारखी बशी हवी असते. तीच बशी, त्यात कोमट दूध घालून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलांना फळांचा रस देऊ नये, असं इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१९ मध्ये सांगितलं. संत्र्याची सोललेली फोड त्याहून कितीतरी चांगली. आणि डब्यावर ‘हेल्थ ड्रिंक’ लिहिलेलं दिसलं म्हणून भुलू नये. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं, ते याच कारणाने.

पाणी पुरतंय की नाही, ते मापाने मोजत बसू नये. लघवी फिकट पिवळी, जीभ ओली आणि रडताना डोळ्यांत पाणी असेल, तर काळजी नाही. जुलाब सुरू झाले तर मात्र साधं पाणी पुरत नाही, ओआरएसच लागतं. औषधाच्या दुकानातून घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्यावं. नावात ओआरएस असलेली गोड पेयं बाजारात इतकी झाली होती, की ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला त्या नावाच्या अशा वापरावर बंदी घालावी लागली. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. सहा तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये; तसंच उचलून दवाखाना गाठावा आणि वाटेतही चमचा चालू ठेवावा.