तेल नाही म्हणणारे

शिर्डीत दिवाळीची पणती लावताना तेलाची ती गोष्ट आठवत नाही, असे घर विरळाच. साईबाबा वाण्यांकडून तेल मागून आणीत आणि मशिदीत दिवे लावीत. एके दिवशी वाण्यांनी आपसात ठरवून 'तेल नाही' म्हणून सांगितले. बाबा मुकाट्याने परतले आणि त्यांनी पाण्याने पणत्या पेटवल्या, असे श्रीसाईसच्चरित सांगते.

आपण या गोष्टीत चमत्कार पाहतो. मला अलीकडे तिच्यातले वाणी दिसू लागले आहेत. तेल त्यांचेच होते. द्यावे न द्यावे, ही त्यांची खुशी. मग त्यांचे चुकले काय?

हा प्रश्न मनात आला तो कांद्यामुळे. राहात्याच्या बाजारात ज्या कांद्याचा लिलाव होतो, त्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाला आपण वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकतो आणि त्याच्याकडून जेमतेम २ अब्जांचा घेतो. म्हणजे इथे वाणी आपण. २०१९ च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता हसतच म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस म्हणून सांगितले आहे. पण आधी कळवले असते तर बरे झाले असते. पुढच्याच वर्षी पुन्हा बंदी आली आणि भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले. २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात पुन्हा बंदी. ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ ला.

सरकारची बाजू खोटी नाही. शहरातल्या गरिबाला कांदा परवडेना, तर घरची पोरे उपाशी ठेवून शेजाऱ्याचे पान वाढावे काय? शिवाय बांगलादेशाच्या बहुतेक मालावरची जकात आपण २०११ मध्ये माफ केली होती, हे औदार्यही विसरू नये.

पण घरचे आधी पाहणे निराळे आणि समोरच्याला गृहीत धरणे निराळे. तो रागावला तरी आपले काय बिघडणार, या भरवशावर आपण निरोपसुद्धा धाडला नाही. वाण्यांचे चुकले ते इथे. तेल राखले हा दोष नव्हे. मागणारा काही करू शकत नाही हे ओळखून त्यांनी संगनमत केले, हा दोष.

बांगलादेशानेही मग आपल्या पणत्या पेटवल्याच. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान इकडून कांदा मागवला. २०१९ मध्ये तर विमानाने आणला. अंधार पडला तो आमच्याच शेतकऱ्याच्या ओट्यावर. भाव पडला, आणि मोडलेले गिऱ्हाईक शुल्क उठताच परत येते असे नाही.

पुढे २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या पुष्कळ मालावर ५० टक्के जकात बसवली. मोठ्याने धाकट्याला असे वागवावे काय, म्हणून आपण कळवळलो. कळवळणे रास्तच होते. परंतु तोच प्रश्न ढाक्यातल्या गृहिणीने चुलीपाशी आपल्याला विचारला होता. तो आपल्या कानी पडला नाही.

कोणी म्हणेल, त्यांनीही जकात बसवावी, हिशेब बरोबर. शाळेत दांडगा मुलगा किरकोळ पोराला दणका देतो आणि म्हणतो, 'तूही मार, फिट्टंफाट!' दोघांचा हात सारखा उठला तरी मार सारखा बसत नाही, हे मास्तरला कळते. म्हणून तो थोरल्याला आधी बोलावतो.

थोरल्याने आपले सगळे वाटून टाकावे, असे माझे म्हणणे नाही. टंचाई आली तर वेळेवर सांगावे, वाटेत निघालेला माल पोहोचू द्यावा आणि शब्द दिला असेल तेवढा तरी पाळावा. तेवढ्याने आपल्या घरचे तेल संपत नाही.

यंदा पणती लावताना त्या वाण्यांनाही आठवून पाहा. गोष्ट सांगते की ते मागाहून ओशाळले. ओशाळण्याइतकी त्यांची नजर साफ होती, हे मला त्या गोष्टीतले फार मोलाचे वाटते.