शंकेलाही कारण लागतं

एम. ए.ला असताना संशयवादाच्या युक्तिवादांवर एक निबंध लिहायचा होता. ‘बाह्य जगाचं ज्ञान आपल्याला होऊच शकत नाही’ हे म्हणणंच मला इतकं विपरीत वाटलं, की दोन पानांत मी ते मोडीत काढलं. कागद परत आले तेव्हा समासात सरांनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती : ‘निष्कर्ष तुला पटत नाही हे कळलं. पण त्यातलं कोणतं विधान चूक?’

मग देकार्त नीट वाचला. १६४१ सालच्या ‘मेडिटेशन्स’मध्ये तो शेकोटीपाशी, अंगात झगा घालून, हातात कागद धरून बसला आहे. आणि विचारतो, की असंच सगळं मला अंथरुणात झोपलेलं असताना स्वप्नातही दिसलेलं आहे. मग जागेपणाची पक्की खूण कोणती? युक्तिवाद सुटा करून लिहिला तर तीन ओळींचा होतो. मी इथे बसले आहे हे मला माहीत असेल, तर मी स्वप्न पाहत नाही हेही माहीत असायला हवं. ते माहीत नाही. म्हणून पहिलंही माहीत नाही. रचनेत कुठेच फट नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी तत्त्वज्ञ जी. ई. मूरचा आधार घेतला. १९३९ सालच्या व्याख्यानात त्याने आपले दोन्ही हात वर करून बाह्य वस्तू असल्याचं सिद्ध केलं होतं. त्याच धर्तीवर मी लिहिलं : मी इथे बसले आहे हे मला माहीत आहे, म्हणजे मी स्वप्नात नाही. पण लिहून झाल्यावर लक्षात आलं, की त्या तीन ओळींतलं पहिलं, ‘हे माहीत असेल, तर तेही माहीत असायला हवं’ हे विधान मला आणि संशयवाद्याला दोघांनाही मान्य आहे. तो त्या टोकाकडून निघतो, मी या टोकाकडून. माझंच टोक का धरायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वाट सापडली ती न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कविचाराच्या परंपरेत. न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशय तिसरा आहे. तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभं दिसतं : खांब की माणूस? ही शंका यायला दोन्ही आधी पाहिलेले असावे लागतात, उंची दिसावी लागते आणि हातपाय दिसू नयेत. म्हणजे शंकाही आधीच्या जाणण्यावर उभी असते. ‘कदाचित चूक असेल’ एवढं नुसतं म्हणणं म्हणजे शंका नव्हे.

पुढे याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी अनुमानाच्या संदर्भात शंकेला मर्यादा घातली : स्वतःच्या वागण्याशी विसंगती येते तिथे शंका थांबते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्या’त त्यांचाच श्लोक उलटवून उत्तर दिलं, की विसंगती मानायची तर शंका आधीच मान्य करावी लागते, मग विसंगती शंकेला थांबवणार कशी? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने त्यावर सांगितलं, की धुरासाठी अग्नी, तृप्तीसाठी अन्न आणि दुसऱ्याला समजावण्यासाठी शब्द जो न चुकता वापरतो, त्याच्या मनात त्या कार्यकारणभावाबद्दल शंका उरलेलीच नसते.

हे वाचलं त्या रात्री मी चहासाठी उठले, काडी ओढली, गॅस पेटवला. पाणी तापेल की नाही हा प्रश्न मनात आलाच नव्हता. गंगेश काय म्हणतो ते मला त्या ओट्यापाशी कळलं.

आणि तिथेच त्याच्या उत्तराची हद्दही दिसली. मला शंका येत नाही, एवढ्यावरून मला ज्ञान आहे असं ठरत नाही. ढळढळीत चुकीच्या समजुतीवरही माणसं निर्धास्त वागतात. म्हणून तिसऱ्या खर्ड्यात मी संशयवाद खोडल्याचा दावा केला नाही. संशयवाद्याचं दुसरं विधान, म्हणजे ‘मी स्वप्नात नाही हे मला माहीत नाही’, तेवढं धरलं आणि लिहिलं, की नुसती शक्यता दाखवून हे विधान सिद्ध होत नाही; ज्ञानाकडे आपण पुरावा मागतो, तसं शंकेकडे कारण मागण्याचाही आपल्याला हक्क आहे. ते कारण त्याने दिलं, तर मात्र मला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागेल, हेही शेवटी लिहिलं.

समासातल्या त्या पेन्सिलीच्या ओळीला मी देऊ शकले ते उत्तर एवढंच.